ओढून बघायचं

भाग्यलताच्या अंगणात, तिकडं सास्काटूनला,
गवताला वर्षाचे जेमतेम चार महिने मिळतात.
मे उजाडला की ते डोळे उघडतं,
सप्टेंबरात एका रात्री हिंव पडतं
आणि कारखान्याचा भोंगा झाल्यासारखं
सगळं जागच्या जागी थांबतं.

एक हंगाम मी तिथं काढला.
चाळीस वर्षं टॉवेल विणलेला माणूस.
जावयानं कापायचं यंत्र हातात दिलं, म्हणाला,
मामा, तीन इंचाखाली नको, मुळं भाजतात.
मी आधी गुडघ्यावर बसून तळवा फिरवला.
लूप बारीक, वीण घट्ट,
फक्त उत्तरेच्या काठाला धागे सुटलेले:
तिथं घराची सावली, बर्फ सगळ्यात शेवटी जातो.

येताना मोज्यात मूठभर बी आणलं.
कुणी विचारलं असतं तर जिरं म्हणालो असतो.

विडी घरकुलात आमच्या दारापुढं
पाच हात रुंद, सात हात लांब जागा.
कार्तिकात खणली. हरळी होती, उपटली.
पांढऱ्या कांड्या, गाठीला गाठ,
एक तोडावी तर दुसरीकडं तोंड काढते.
दोन पाट्या निघाल्या. लगमव्वाच्या शेळीनं खाल्ल्या.
मग बी टाकलं, वर चाळलेली माती,
आणि नरसम्माशी तह केला:
तांदूळ धुतलेलं पाणी माझं,
हंड्यातलं थेंबभरही नाही.
नळ पाचव्या दिवशी, तोही रात्री अडीचला.
मौलाली जाता जाता वाकून म्हणाला,
चाचा, शेवाळ पेरलंत काय?

मार्गशीर्षात उगवलं. केसाएवढं.
पौषात आमची थंडी, स्वेटर काढण्यापुरती,
तेवढ्यावर ते खूश.
संक्रांतीला मी ते विडीची पानं कापायच्या कात्रीनं
एका रेषेत कापलं, फोटो पाठवला.
भाग्यलताच्या खिडकीत तेव्हा नुसतं पांढरं,
उणे एकतीस.
ती फोटोकडं बघत राहिली.
आमच्यातलं आहे ना हे, म्हणाली.
आमच्यातलं म्हणजे कुठलं, ते मी विचारलं नाही.

फाल्गुनात टोकं पिवळी.
शिमग्याला राख आणि ते एका रंगाचं.
चार काठ्या रोवून गोणपाट बांधलं,
रोज सकाळी शिंपडलं, दुपारी पाहिलं,
मग दुपारी पाहणं सोडलं.
चैत्रात त्रेचाळीस.

नळाची वाट बघताना मी तिला फोन लावतो,
तिकडं तेव्हा दुपारचे तीन.
काल म्हणाली, बर्फ गेला, नाना,
खाली सगळं मेलंय.
गुलाबी बुरशी, कोळ्याच्या जाळ्यासारखी.
उकरून नवं टाकू का?

म्हटलं, ओल आहे तोवर पाय ठेवू नकोस.
दाताळं फिरव, पण पोरीचे केस विंचरतात तसं.
मग पंधरा दिवस काही म्हणजे काही करू नकोस.
मग मूठभर धर आणि ओढ.
अलगद हातात आलं तर गेलं.
त्यानं तुझा हात ओढला, तर आहे.

हे तुम्हाला कुणी सांगितलं?
मागावर कापड असंच बघतात, म्हणालो.
खरं तर तिच्याच शेजारणीनं,
त्या म्हाताऱ्या ओल्गाबाईनं,
मला खुणा करकरून शिकवलं होतं.

फोन ठेवला, त्याचाच उजेड घेऊन दाराशी वाकलो.
एक मूठ धरली. कापूस यावा तशी आली.
दुसरी. तीही.
पायरीच्या कडेला, दगडाच्या फटीतून,
एक कांडी आडवी सरकत आलेली.
पांढरी गाठ, तिला एकच हिरवं टोक.
कुणी पेरली नव्हती. मी तर उपटली होती.

चिमटीत धरून ओढली.
बोट घसरलं. ती नाही.

आतून नरसम्मा ओरडली, नळ आला, हंडा लाव.
मी म्हटलं, लावतो.
पहिला तांब्या कुठं गेला
ते तिनं मोजलं असणार,
पण काही बोलली नाही.